तुझ्या पिशवीतले दोन सेल

ताई, दवाखान्यातून तुझी पिशवी हातात मिळाली, ती मी घरी आणून दारामागच्या खिळ्याला अडकवली. तू अडकवायचीस तशीच, बंद दुहेरी करून. पाच दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. सहाव्या दिवशी कपडे वाळत घालायला गेलो तेव्हा कोपर लागलं आणि आत काहीतरी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. पक्कड, काळी टेप, साबणाच्या पाण्याची बाटली, अर्धी चिक्की, आणि तळाशी रबराने बांधलेले दोन छोटे सेल.

दुसऱ्या कुणाला ते सेल दिसले असते तर त्याने घड्याळात घातले असते. मी पिशवी तशीच हातात धरून खाली बसलो.

काम अर्ध्यावर सोडावं लागलं आणि मशीन चालू करणं धोक्याचं असलं, तरच तू कुणाच्या एसीच्या रिमोटमधले सेल काढून आणायचीस. एरवी कधी नाही. "मेन स्विच कुणीपण वर करतं रे," असं तू सांगायचीस. "चिठ्ठी लावली तर चिठ्ठी काढून बाजूला ठेवतात. माणसाला उकडायला लागलं की तो वाचत नाही, ऐकत नाही, बटण दाबतो. दाबू दे. आत सेलच नाहीत." घरी आलीस की ते सेल फ्रीजवरच्या वाटीत पडायचे आणि त्यांच्या रबरात एक कागदाचा तुकडा असायचा, कुठल्या घरचे ते लिहिलेला. या दोन सेलांच्या रबरात कागद नव्हता.

म्हणजे अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर एवढ्या पसाऱ्यात कुठल्या तरी एका घरात तू मशीन उघडं टाकून निघाली होतीस. पाइप उघडे असताना ते चालू झालं तर बाहेरची हवा आत ओढतं, आतलं तेल पेटण्याइतकं तापतं आणि बाहेरच्या भिंतीवरचा मशीनचा डबा बॉम्बसारखा फुटू शकतो, हे तूच एकदा जेवताना सांगितलं होतंस. मी ताटावरून उठलो होतो. आपल्या भागात तो डबा असतो खिडकीच्या ग्रिलमध्ये, पोरांचे कपडे वाळतात त्याच्या शेजारी. आणि सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

घर कुठलं, ते तू मला सांगणार होतीस. त्या दुपारी दोन वाजून चौतीस मिनिटांनी तुझा फोन आला होता. माझ्यासमोर एका चरित्राची शेवटची मुद्रितं होती, संध्याकाळपर्यंत तपासून द्यायची होती. मला वाटलं, तू नेहमीसारखं "अर्धा तास ये ना, दोर धरायला कुणी नाही" म्हणणार. मी फोन कापला. तू परत केला नाहीस. पुढच्या तासाभरात शेअर रिक्षात, कडेला बसल्या बसल्या, शेजारच्या बाईच्या खांद्यावर तुझं डोकं टेकलं. तिला वाटलं तू झोपलीस. स्टेशन येईपर्यंत तिने खांदा हलवला नाही.

तुझं एक सांगणं मला दवाखान्यात आठवलं. एसीचा प्रवाह बंद केल्यावर तू लगेच आत हात घालायची नाहीस. पाच मिनिटं स्टुलावर बसून राहायचीस, काही न बोलता. घरातली माणसं चुळबुळ करायची, त्यांना वाटायचं बाई वेळ काढते. तू त्यांना तो आतला गोल डबा दाखवायचीस आणि सांगायचीस, "बंद केला म्हणजे गेला असं नसतं. याच्यात थोडा वेळ राहतो. तो कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून थांबायचं." डॉक्टरांनी मला सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळात बघून पाच मिनिटं थांबलो. मग तुझ्या हाताला हात लावला.

तुझा फोन उघडला तेव्हा त्यात माणसं नव्हतीच. बदलापूर कबूतर. कॅम्प चार शिट्टी. एमआयडीसी हिरवं. शिवमंदिर रोड थेंब. पूर्व स्टेशनजवळ म्हातारा खोकला. तुझ्या हिशेबात गिऱ्हाइकाला नाव नव्हतं, त्याच्या मशीनच्या दुखण्याला होतं. यावरून मी तुला किती बोललो होतो. "अगं, निदान आडनाव लिही, उद्या मला कुणाला निरोप द्यायची वेळ आली तर काय सांगू, कबूतर आहे का घरात?" तू हसून म्हणाली होतीस, "मास्तर, तू तुझे काना-मात्रा बघ. मला आडनावावरून काही आठवत नाही. आवाजावरून आठवतं."

मी यादी वरून खाली धरली आणि एकेकाला फोन लावत गेलो.

इथे मी जे केलं ते तुला सांगितलं पाहिजे. मी कुणालाच सांगितलं नाही की तू गेलीस. "वनिताताईचा भाऊ बोलतोय, तुमच्याकडे तिचं काही काम अर्धं राहिलंय का?" एवढंच विचारायचो. ते म्हणायचे, नाही, आमचं झालं, पण त्यांना सांगा पाणी परत गळतंय. मी म्हणायचो, सांगतो. एक बाई म्हणाली, त्यांना सांगा मुलीला दहावीत चांगले मार्क पडले, त्यांनी विचारलं होतं. सांगतो म्हणालो. आप्तांनी, शेजाऱ्यांनी, आपल्या बुवापाड्यातल्या सगळ्यांनी तुला स्मशानात पाहिलं होतं. पण त्या यादीतल्या घरांमध्ये तू जिवंत होतीस आणि त्याला जबाबदार मी होतो. तुझा फोन माझ्या खिशात वाजायचा, मी उचलायचो, आणि पलीकडचा माणूस नमस्कारही न करता थेट बोलायला लागायचा: ताई, कालपासून कट कट करतोय बघा. मी काही न बोलता ऐकत राहायचो. काही जण सगळं सांगून झाल्यावर "बरं, या मग" म्हणून ठेवून द्यायचे. त्यांना उत्तर मिळालं नाही हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. तू फोनवर अशीच गप्प राहून ऐकायचीस का ग?

फोन न लागलेली घरं मी विचारत विचारत पायी शोधली. 'एमआयडीसी हिरवं' म्हणजे एका छोट्या कारखान्याची केबिन निघाली. तिथल्या हवेने तांब्याचा पाइप हिरवा पडतो, म्हणून ते नाव. गेटवरचा रखवालदार विदर्भाकडचा, वयस्क, शुद्धीतला माणूस. म्हणाला, "मॅडम काल आल्या होत्या ना. इथंच बाकावर बसल्या. पाणी मागितलं."

"काल?"

"काल म्हणजे कालच. दुसरी पाळी सुटत होती. मी म्हटलं, आत जा, साहेब आहेत. नको म्हणाल्या, कुणी न्यायला येतंय."

तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी त्याला खोडून काढलं नाही. माणसं मागच्या आठवड्यालाही काल म्हणतात, मीही म्हणतो. पण परत येताना रिक्षात मी कडेला बसलो नाही.

मी तुझ्याबरोबर एकदाच कामाला आलो होतो. बदलापूरला, चौथा मजला, बाहेरच्या भिंतीवर डबा बसवायचा होता. तू कमरेला पट्टा बांधलास, दोर दोन वेगवेगळ्या जागी अडकवलास, एक खांबाला आणि एक पलीकडच्या खोलीतल्या भिंतीतल्या कड्याला. खिडकीच्या ग्रिलला नाही. "ग्रिल कपड्यांसाठी असतं, माणसासाठी नाही," म्हणालीस. मग मला दोर धरायला लावलंस आणि खिडकीतून बाहेर पाय टाकलास. मी तुझ्याकडे बघत होतो, घाबरून. तू बाहेरून ओरडलीस, "माझ्याकडे काय बघतोस, गाठीकडे बघ. मी पडले तर तुला दिसेलच." घरमालक हसला. मी पाऊण तास त्या गाठीकडे बघत राहिलो. भिंतीमागून तुझ्या ड्रिलचा आवाज येत होता, तू दिसत नव्हतीस, दोर मध्येच ताणायचा, मध्येच ढिला व्हायचा. इतका वेळ मी आयुष्यात कुणाकडे लक्ष दिलेलं नाही. घरी आल्यावर मला ताप भरला आणि मी म्हणालो, पुन्हा मला बोलवू नकोस. तरी तू बोलवत राहिलीस. मी नाही म्हणत राहिलो.

आपल्या घरी एसी नाही यावरूनही आपलं भांडण अर्धंच राहिलं. मला बंद खोलीचा वास आवडत नाही, पुस्तकांची पानं कडक होतात, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, "लोकांच्या भिंतींना लटकून आले की मला आपल्या भट्टीत झोपायचं. बरं, तुझी पानं मऊ राहू देत." परवा मी माप घेतलं. तुझ्या खोलीच्या खिडकीवर जागा आहे. तू पेन्सिलीने चार खुणा करून ठेवल्या होत्यास. कधी केल्यास कोण जाणे.

यादी संपली आणि घर सापडलं नाही. तेराव्याला भोईर आला. तुझ्याबरोबर आयटीआयला होता तो, आता बदलापूरकडे स्वतःचं काम करतो. जेवण झाल्यावर मी त्याला सेल दाखवले. त्याने ते तळहातावर घेऊन वजन केल्यासारखे हलवले.

"आणि तू इतके दिस गावभर फिरतंस? मला नाय सांगायचं? मी काय मेलो होतो?" मग स्वतःच जीभ चावली. सेल माझ्या हातात परत ठेवत म्हणाला, "दादीकरं बगलंस का? उल्हासनगरची, कॅम्प दोनची. तिच्याकरं फोनच नाय. तुझी ताय दर उन्हाळ्यात आपली आपन जायची, न बोलवता."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही गेलो. तांब्याच्या पाइपचं वेटोळं भोईरच्या खांद्यावर, नायट्रोजनची छोटी टाकी माझ्या. जुनी इमारत, खाली दुकानांची रांग आणि शिलाई मशीनची घरघर, तीन जिने चढेपर्यंत ती घरघर पायात येत होती. तिसऱ्या मजल्यावर एकदम शांत. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत अंधार, खिडकीवर ओली चादर टांगलेली. पलंगावर एक सिंधी म्हातारी, पांढरे केस सोडलेले, हातात वर्तमानपत्राचा पंखा. भिंतीवर तो एसी, त्याची पट्टी अर्धी उघडी, झोपेतल्या माणसाची पापणी राहते तशी. त्या खोलीत इतकं उकडत होतं की माझा चष्मा नाकावरून घसरला.

"बहुत देर कर दी बच्चीने," दादी म्हणाल्या. "तू भाई है ना? पढ़नेवाला? बैठ, पुट."

पुट म्हणजे बाळा. मी बसलो. विचारलं, एसी कुणी लावला तर नाही?

"कैसे लावेल? सेल ती घेऊन गेली. सामनेवाला लड़का नए सेल ले आया था, मी हाकलला त्याला. बच्चीने बोला था, दादी, मेरे आए बिना किसी को हाथ मत लगाने देना. मी हात लावू दिला नाही." त्यांच्या मानेवर घामोळं उठून लाल झालं होतं. चौदा दिवस. "वो तो रोज आती है, पर काम नहीं करती. बाहर से ही जाती है."

भोईरने माझ्याकडे बघितलं. मी दादींकडे.

"दुपारी येते," त्या म्हणाल्या. "पंखा घुमाती है थोड़ा. मी आवाज ऐकते. मग जाते."

"दादी, वारा असतो," भोईर म्हणाला. "वाऱ्यानं बाहेरच्या मशीनची पाती फिरतात."

"असेल," त्या म्हणाल्या.

भोईरने टॉर्च घेतला आणि चादर बाजूला करून ग्रिलमध्ये वाकला. मी मागे उभा. मला वाटत होतं, आता तो सांगेल काय उघडं आहे, किती थोडक्यात निभावलं, आणि मला कळेल की त्या फोनमध्ये काय होतं. त्याने डब्याचं झाकण काढलं. टॉर्चचा उजेड एकेका वायरीवरून फिरवला. मग मला जवळ बोलावलं.

तू वायर सगळ्या सोडवल्या होत्यास. प्रत्येकीचं टोक वेगळं टेपने बांधून आत दुमडलं होतंस. पाइपची तोंडं आधी प्लास्टिकने, मग टेपने, मग सुतळीने, अशी तीन वेळा बंद केली होतीस. घरातल्या पेटीतलं बटण खाली ओढून त्यावर टेप. "हितं काय पन झालं नसतं," भोईर म्हणाला. "कोनी सेल घातले असते, बटन वर केलं असतं, तरी नाय. हे मेलेलं मशीन हाय. सेल तिनं उगाच नेले, सवयीनं." त्याने डोळे पुसले, की घाम पुसला. "अशी कामं सोडून जातात व्हय लोक. मी नाय सोडत."

मी ग्रिलला धरून उभा राहिलो. सेल सापडल्यापासून मी स्वतःला सांगत होतो की तो फोन कामाचा होता. धोक्याचा होता, दुसऱ्याच्या घरासाठी होता, आणि ते घर शोधलं की तो मी उचलल्यासारखा होईल. पण तू या घरात काहीच धोका मागे ठेवला नव्हतास. ज्या बाईने सांगायचं ते दादींना सांगून ठेवलं होतं, ती मला कशाला फोन करेल?

मी दादींना विचारलं. हिंदी मला नीट जमत नाही, तरी विचारलं.

"यहीं बैठी थी. जहाँ तू बैठा." त्यांनी पंख्याने जागा दाखवली. "पसीना बहुत. मी म्हटलं लेट जा. नाही म्हणाली. पाणी प्यायली, फोन लावला. फिर हँस दी. मी विचारलं, किसको? बोली, भाई को. बिज़ी है, पढ़ता होगा. मी म्हटलं, फिर से लगा. बोली, रहने दो, घर जाके बोलूँगी."

"क्या बोलना था?"

"वो तो तेरे को बोलना था ना," दादी म्हणाल्या.

मग मी सांगितलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा, आणि ज्या माणसाला सांगायला सगळ्यात अवघड होतं त्यालाच. दादी, ताई गेली. त्याच दिवशी, इथून निघाल्यावर. त्यांनी पंखा मांडीवर ठेवला. रडल्या नाहीत. भोईरने तोंड फिरवलं. खाली शिलाई मशीन चालू होती, खिडकीच्या कडेला सारलेली चादर सरळ लोंबत होती, तिचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

आणि ग्रिलमधली पाती फिरू लागली. हळू, एकेक, पत्र्याला किंचित घासत. भोईरचा हात झाकणावर होता. त्याने तो सावकाश मागे घेतला. वायर त्याने आत्ताच बघितल्या होत्या, मीही बघितल्या होत्या. पाच-सहा फेरे झाले असतील. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मी त्यात पाहिलं नाही. पाती थांबली.

"थांबू जरा," भोईर म्हणाला. कुणी का म्हणून विचारलं नाही. आम्ही तिघं बसून राहिलो.

मग त्याने काम केलं. तू केलं असतंस तसंच, सगळ्या पायऱ्या घेत. त्याने पाइपांत नायट्रोजनचा दाब दिला, मी साबणाचा फेस लावला आणि प्रत्येक जोडाजवळ डोळे नेऊन बुडबुडा येतो का बघत बसलो. एकही आला नाही. पंपाने आतली हवा खेचून काढायला जो वेळ लागतो तो सगळा दिला. वायर जोडल्या. तुझे दोन सेल मी दादींच्या रिमोटमध्ये घातले आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मला परत दिला. मीच बटण दाबलं. पट्टी उघडली, आणि थोड्या वेळाने त्या खोलीत थंड हवा उतरली. माझ्या शर्टाची पाठ गार झाली. इतक्या वर्षांत तुझ्या कामाखाली मी पहिल्यांदाच बसलो होतो, ताई. चांगलं होतं. मी उगाच भांडलो.

भोईर सामान घेऊन खाली गेला. मी निघणार तेव्हा दादी उठल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या आणि जिन्याकडचं दार पूर्ण उघडून त्याला खाली विटेचा तुकडा लावला.

"उस दिन गई तो मैंने उठकर दरवाज़ा नहीं पकड़ा," त्या म्हणाल्या. "बाहर खड़ी रहती है. अंदर आ जाए."

एसी चालू असताना दार उघडं ठेवू नये, हे तू घराघरांत सांगितलं असशील. थंड हवा आमच्या पायांवरून जिन्यात वाहत होती. मी दार लावलं नाही. परत त्याच जागी बसलो आणि माझा फोन, आवाज पूर्ण मोठा करून, समोर ठेवला.